अधेलीएवढं चाक

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले, त्याच्या आदल्या वर्षी संस्थान विलीन झालं होतं आणि माझे सासरे नोकरीतून निवृत्त झाले होते. संस्थानच्या बांधकाम खात्यात त्यांनी तीस वर्षं नकाशे काढले. मी त्यांना मामंजी म्हणत असे. बोलणं कमी, आवाज जाड, त्यामुळं पहिले काही दिवस मला त्यांची भीतीच वाटायची.

चौथ्या की पाचव्या दिवशी सासूबाईंनी चहा देऊन मला माडीवर पाठवलं. बघते तर मामंजी जमिनीवर पालथे पडलेले, गाल फरशीला टेकलेला, एक डोळा मिटलेला. मला वाटलं, चक्कर आली. मी हाक मारणार तोच ते म्हणाले, "सूनबाई, उजेडातून जरा बाजूला हो."

त्यांच्या नाकासमोर पत्र्याची आगगाडी उभी होती. किल्लीचं काळं इंजिन, तीन हिरवे डबे, आणि फळ्यांवर मांडलेला रुळांचा लांबट गोल. त्यांच्या खात्यातले एक इंग्रज इंजिनियर विलायतेला परत गेले, तेव्हा जाताना त्यांनी ती भेट दिली होती.

"ही गाडी कुठली वाटते?" मामंजींनी तसंच पडल्या पडल्या विचारलं.

"विलायतेची."

"कशावरून? हिरवी आहे म्हणून?"

मी चहा ठेवला आणि खाली बसून नीट बघितलं. माहेरी असताना मी चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, वस्तू बघायची सवय होती. "खिडक्यांना गज नाहीत," मी म्हटलं. "आणि वर उन्हासाठी छज्जा नाही."

मामंजी उठून बसले. कपड्यांची धूळ झटकली नाही, चहाही घेतला नाही. कपाटातून एक वही काढून त्यांनी माझ्या हातात दिली. पहिल्या पानावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'हवे आहे'. त्याखाली पानंच्या पानं. गज असलेला तिसऱ्या वर्गाचा डबा. मागं व्हरांडा असलेला गार्डाचा डबा. इंजिनाला पाणी पाजणारी सोंड. पंचगंगेवर शोभेल असा कमानीचा पूल. आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित केलेलं: मीटर गेज.

तेव्हा कोल्हापूरहून मिरजेला जाणारी गाडी मीटर गेजची होती. अरुंद रूळ आणि त्यावर जरा ऐसपैस बसलेले डबे. मामंजींचं म्हणणं एवढंच की, जी गाडी आपण रोज बघतो तिचं खेळणं जगात कुणीच का करू नये? त्यांनी इंग्लंडच्या कारखान्याला पत्र लिहिलं होतं, सोबत डब्याचा नकाशाही जोडला होता. तीन महिन्यांनी फार सभ्य उत्तर आलं. नकाशाची तारीफ होती, पण अशा मालाला मागणी असल्याचं आढळत नाही, असं त्यांनी कळवलं होतं.

"मागणी नाही म्हणतात," मामंजी म्हणाले. "मी मागतोय की!"

त्या दिवसापासून मी त्यांची भागीदार झाले. मी म्हटलं, कुणी करत नसेल तर एक डबा आपण पुठ्ठ्याचा करून बघू. त्यासाठी खऱ्या डब्याची मापं हवीत. रविवारी सकाळी सासूबाईंच्या शिवणाच्या पेटीतली टेप घेऊन सासरा-सून स्टेशनवर गेलो. बाजूच्या रुळावर रिकामे डबे उभे होते. मी टेपचं एक टोक धरलं, मामंजींनी दुसरं. तेवढ्यात एक हमाल येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आम्ही दोन खिडक्या मोजेपर्यंत त्यानं धीर धरला.

"काय पावणं, डब्याला सदरा शिवताय काय?"

मी लाजून टेप गुंडाळायला लागले. मामंजींनी मात्र त्याला गंभीरपणे विचारलं, "पायरी जमिनीपासून किती उंच आहे, सांगता येईल?"

हमालानं डोकं खाजवलं. "रोज चढतोय की, पर मोजली न्हाई कधी." मग त्यानंच माझ्या हातातली टेप घेतली आणि खाली वाकला. पुढचा तासभर सगळी मापं त्यानंच घेतली, मी नुसती लिहून घेत होते. निघताना म्हणाला, "छताचं ऱ्हायलं. म्होरल्या रविवारी या, चढून सांगतो."

मामंजींनी हिशोब मांडला. रूळ विलायती गाडीचेच ठेवायचे आणि त्यांनाच मीटर गेज मानायचं, तर डबा त्या हिरव्या डब्यांपेक्षा पुष्कळ मोठा निघत होता. चांगला सव्वा हात लांब. आठ दिवसांत मी तो केला. पुठ्ठ्याला खळ लावून, वर कागद चिकटवून, खिडक्यांना खराट्याच्या हिरांचे गज लावून. रंग दिल्यावर तो इतका खरा दिसायला लागला की आमच्या ह्यांनीसुद्धा ऑफिसातून आल्यावर टोपी न काढता त्यात डोकावून बघितलं.

पण एवढा लांब डबा चार चाकांवर गोलात वळेना. बाहेर फेकला जायचा. खऱ्या गाडीला असतात तशा पुढं-मागं दोन वळत्या चौकटी लावायच्या, म्हणजे एका डब्याला आठ चाकं हवीत. ती आणायची कुठून? हिरव्या डब्यांची काढता आली असती. पण मामंजी म्हणाले, "भेट आलेली वस्तू मोडायची नाही." मुंबईच्या दुकानांना विचारलं, तर परदेशी माल येणं जवळपास बंद झालेलं. जुना होता तो पेटीसकट घ्या म्हणाले, आणि किंमत ऐकून सासूबाई नुसत्या हसल्या. सुटी चाकं कुणीच विकत नव्हतं.

मग मामंजींनी मुंबईतल्या एका पत्र्याची खेळणी करणाऱ्या कारखानदाराला पत्र घातलं. लिहिताना त्यांना राहवलं नाही, अख्खी वहीच उतरवून पाठवली. मालकाचं कार्ड आलं. मजकूर आवडला, पण एवढं सगळं कसं करणार? यातली कुठलीही एकच वस्तू सांगा, जमली तर करून बघू.

एकच वस्तू! तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. ह्यांचं म्हणणं, किल्लीचं इंजिन मागंही जायला हवं, नाहीतर गाडी नुसती गरगर फिरते. मला माणसं हवी होती. विलायती खेळण्यातली माणसं सगळी कोट आणि हॅट घातलेली. आमच्या डब्यात नऊवारी नेसलेली, मांडीवर गाठोडं घेतलेली बाई कुणी बसवायची?

सासूबाई भाकरी थापत होत्या. मामंजींनी जेवता जेवता सहज त्यांनाही विचारलं. मला वाटलं, त्या हसण्यावारी नेतील.

"मला विचाराल तर फाटक," त्या म्हणाल्या.

"फाटक?"

"माझ्या मामाच्या शेताला लागून रुळाचं फाटक होतं. गाडी यायची झाली की बैलगाड्यांची रांग लागायची. फाटकवाल्याची बायको मला हिरवं निशाण धरायला द्यायची. सहा-सात वर्षांची असेन." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "ते फाटक मिळालं तर मी माडीवर येईन बघायला."

मामंजी घास हातात धरून बसले. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात हे त्यांना कधी कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी काड्यापेटीच्या काड्यांचं फाटक करायला घेतलं. सासूबाई खरंच वर आल्या, आणि फाटकवाल्याच्या खोपटावर दोडक्याचा वेल राहिला म्हणून मला परत करायला लावलं.

मुंबईला मात्र एकमतानं 'चाकं' असं कळवलं. चाकं मिळाली की बाकीचं ज्याचं त्याला घरी करता येतं, हे मामंजींनी पटवून लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं. सुटी चाकं कोण घेणार? मुलाला गाडी लागते. क्षमस्व.

तिसऱ्या दिवशी मामंजींनी नमुन्यापुरतं हिरव्या डब्याचं एक चाक जपून काढलं, रुमालात बांधलं आणि मला म्हणाले, "चल, गावातच बघू."

उद्यमनगरात त्या वेळी ओतकामाचे कारखाने नव्यानं उभे राहत होते. तेलाची इंजिनं, उसाचे चरक असलं मोठं काम. तिथल्या एका ओताऱ्यानं काळ्या तळहातावर ते चाक ठेवलं आणि मोठ्यांदा हसला. आठ आण्यांच्या अधेलीएवढं चाक ते! "ओताय गेलं तर वाळूतच हरवंल की वो. आमच्याकडचं सगळ्यात ल्हान चाक ह्ये," म्हणून त्यानं ताटाएवढी पुली दाखवली. "ह्येला बारीक कामाचं मानूस बघा."

परत येताना माझं लक्ष माझ्याच पायांकडं गेलं. लग्नात घातलेले हुपरीचे पैंजण होते. त्यांचे घुंगरू एका आकाराचे, एका मापाचे, शंभर घेतले तरी सगळे सारखे. मी थांबून मामंजींना म्हटलं, "हे कसे करत असतील?"

पुढच्या आठवड्यात आम्ही मोटारीनं हुपरीला गेलो. तिथं घराघरांत चांदीचं काम. ओट्यावर बायका कड्या जोडत बसलेल्या, आतून हातोडीचा आवाज. दोन घरांनी हात जोडले. तिसऱ्या घरातला कारागीर चाळिशीचा होता, चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं दोरा बांधलेला. त्यानं चाक घेतलं, उलटंपालटं केलं, कानाशी नेऊन वाजवलंसुद्धा.

"कड एकाच अंगाला का?" त्यानं विचारलं.

मामंजींनी खडूनं जमिनीवर रूळ काढले. कड आतल्या बाजूला असते, ती चाकाला रुळावरून घसरू देत नाही, असं समजावलं. कारागीर ऐकत होता. मग त्यानं खडू स्वतः घेतला आणि रूळ वळवला.

"ह्ये कळलं, अण्णा. पर ह्ये सांगा. वळणाला आतला रूळ आखूड, भायेरचा लांब. व्हय का न्हाय?"

"हो."

"चाकं दोन, दांडी एक, दोन्ही गच्च. एक फिरलं तर दुसरं तेवढंच फिरणार. मग भायेरचं चाक जास्त वाट कशी चालतंय?"

मामंजींनी खडूच्या दोन्ही रेघा वितीनं मोजल्या. आयुष्यभर रस्त्यांची वळणं काढलेला माणूस. शेवटी म्हणाले, "माहीत नाही. मला हे कधी सुचलंच नाही."

"मला बी आत्ताच सुचलं," कारागीर म्हणाला. त्यानं चाक गादीखाली ठेवलं. "चांदीचं काम जरा आटपू द्या. पंधरा दिसांनी या."

पंधरा दिवसांनी गेलो तर पितळेची दहा चाकं एका बशीत मांडलेली. त्यानं पोलादाचा ठसा खोदला होता. पत्र्याची चकती त्यावर ठेवून घाव घातला की कड असलेलं चाक तयार. मामंजींनी खिशातून काटकोन बघायचा गुण्या काढून लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"रुळावर टेकते ती बाजू सरळ नाही. उतार आलाय."

"उतार ठेवावाच लागतोय, अण्णा. सरळ केलं तर माल ठशातनं सुटत न्हाई. अडकून बसतोय." तो थोडा दुखावला होता. "घुंगराला बी असतोयच की. कुनी गुण्या लावत न्हाई म्हणून."

आम्ही चाकं घेऊन आलो. सायकलच्या तारांचे आस केले, चाकं त्यांना डाख देऊन पक्की केली, चौकटी बसवल्या. मामंजींचं मन त्या उतारात अडकलेलं होतं, त्यांनी डबा जरा नाराजीनंच रुळावर ठेवला. मी बोटानं ढकलला. डबा निघाला, वळणावर आला, आणि हलकेच वळून पुढं गेला. करकर नाही, ओढ नाही. हिरवा डबा त्याच वळणावर नेहमी किंचाळायचा. आम्ही एकमेकांकडं बघितलं. मी परत ढकलला. परत तसाच गेला.

"असं का?" मामंजी म्हणाले. आणि तसेच, घरच्या सदऱ्यावर, स्टेशनकडं निघाले. मी चपला शोधत मागून धावले.

गाडी उभी होती. निळ्या कपड्यातला एक फिटर हातोडीनं चाकं ठोकत चालला होता. मामंजी त्याच्याशेजारी उकिडवे बसले आणि चाक रुळाला जिथं टेकतं तिथं बोट दाखवून विचारलं, "इथं उतार असतो का हो?"

फिटर थांबला. "व्हय की. उतार असतोयच. का वो?"

"कशासाठी?"

"वळणासाठी. गाडी वळताना भायेर सरकती. मग भायेरचं चाक जाड बाजूवर येतंय, आतलं बारीक बाजूवर. जाड चाक एका फेऱ्यात जास्त वाट चालतंय, बारीक कमी. ज्याचं त्याला पुरं पडतंय." त्यानं हातोडी खांद्यावर टाकली. "आम्हाला शिकवलंय त्ये. लोक काय इच्यारत न्हाईत."

मामंजींनी त्याचा हात धरून हलवला. तो बिचारा गोंधळून बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं आम्ही हुपरीत. मामंजींनी ओट्यावर बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. कारागिरानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हंजे आमचा उतार बरोबर व्हता की!"

"बरोबर होता. मीच चुकलो."

"न्हाई, तुमी चुकला न्हाईसा. मला बी कुठं ठावं व्हतं?" मग म्हणाला, "रुकडीच्या ठेसनात रोज गाडी दिसती, अण्णा. पर चाकाखाली कोन बघतंय? मला दाखवा."

पुढच्या रविवारी तो धुतलेलं धोतर नेसून कोल्हापुरात आला. फिटरला आधी सांगून ठेवलं होतं. कारागीर चाकाशी वाकला आणि अंगठा त्या उतारावरून सावकाश फिरवला, चांदीच्या दागिन्यावरून फिरवावा तसा. अंगठा काळा झाला. त्यानं कनवटीचं पितळी चाक काढून खऱ्या चाकाशी धरलं, एक डोळा मिटून बघितलं.

"आमचा जरा जास्तीच हाय," तो म्हणाला. "कमी करतो. ठशातनं सुटंल येवढाच ठेवतो."

त्या दिवशी तो आमच्याकडं जेवला. जेवण होताच माडीवर गेला, आणि डबा गोलात फिरताना बघत दुपारभर तिथंच बसला. सासूबाईंनी त्याला फाटक उघडझाप करून दाखवलं.

नंतर मामंजींनी एका वर्तमानपत्राला चार ओळींचं पत्र पाठवलं, खेळण्यातल्या गाडीची सुटी चाकं हवी असतील त्यांनी कळवावं म्हणून. छापून येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. आलं. पुण्याच्या एका डॉक्टरांचं पत्र आलं, सोलापूरच्या गिरणीतल्या एका माणसाचं आलं, आणखीही तीन-चार. फार नव्हे. पण प्रत्येकाकडं स्वतःची यादी होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की असं वेड असलेला आपण एकटेच. हुपरीहून चाकं यायची, मी ती कापसात बांधून टपालात टाकायची. कारागिराला त्यात सुटण्यासारखं फारसं नव्हतं. सणासुदीला पैंजणांचं काम असलं की तो सरळ सांगायचा, "दिवाळी होऊ द्या." पण ठसा त्यानं कधी मोडला नाही.

या मंडळींपैकी एकजण प्रत्यक्ष भेटायला आले. धारवाडचे वकील, कानडी वळणाचं मराठी बोलणारे, उंच आणि अतिशय नम्र. बिस्किटाच्या डब्यात त्यांनी स्वतः केलेलं इंजिन आणलं होतं. जुन्या घड्याळाची यंत्रणा, आमची चाकं, मीटर गेजचा अगदी खरा आकार. त्या दिवशी हुपरीचा कारागीरही मुद्दाम आला होता.

किल्ली दिली. इंजिन निघालं, अर्धा गोल गेलं आणि थांबलं. वकिलांनी तेल घातलं. परत तिथंच थांबलं. मामंजींनी रुळाचा सांधा तपासला. कारागिरानं चाकं काढून पुन्हा बसवली. तिघं तीन बाजूंनी जमिनीवर पालथे पडून वाद घालत होते. वकिलांचं म्हणणं स्प्रिंग कमजोर, मामंजींचं म्हणणं रूळ वाकडा, कारागिराचं म्हणणं आस तिरपा. मी दिवाणावर बसून ऐकत होते.

सासूबाई चहा घेऊन आल्या. एक फेरी त्यांनी उभ्यानंच बघितली.

"तिथं फळी दबलीय," त्या म्हणाल्या. "पलीकडं चढ होतो. रोज पुसते मी, मला माहीत आहे."

तिघांनी माना वळवून त्यांच्याकडं बघितलं. मग मामंजींनी वर्तमानपत्राची घडी करून फळीखाली सरकवली. वकिलांनी किल्ली दिली. इंजिन त्या जागेपाशी आलं, जरा मंदावलं, आणि आमचा डबा ओढत पार निघून गेलं. दुसरा फेरा. तिसरा. कारागीर मोठ्यानं मोजायला लागला. किल्ली संपली की कुणीतरी परत द्यायचं. वकील आपल्या घड्याळाकडं बघायला साफ विसरले आणि त्यांची मिरजेची गाडी चुकली. सासूबाईंनी त्यांना खाली अंथरूण घालून दिलं. सकाळी जाताना ते दोन डझन चाकं घेऊन गेले.